शेगडीवरचं प्लास्टिक

ज्या शब्दांवर माझा विश्वास नाही, त्यांत 'कम्युनिटी' हा शब्द बराच वर आहे. शारजातल्या अल नहदामधल्या आमच्या इमारतीच्या गेटवरही तो पितळी अक्षरांत लावलेला आहे, आणि त्या इमारतीत अकरा वर्षं राहून मला लिफ्टमध्ये भेटणाऱ्या तिघांपलीकडे कुणाचं नाव माहीत नाही. त्यामुळे मुलीच्या विद्यापीठाच्या वसतिगृहाचं माहितीपत्रक घरी आलं आणि पहिल्याच पानावर तोच शब्द सोनेरी होऊन समोर आला, तेव्हा मी ते पालथं घालून टेबलावर ठेवलं. नवऱ्यानं ते सुलटं केलं. तो छापील गोष्टींवर विश्वास ठेवतो, आणि सोनेरी छापील असतील तर श्रद्धाच ठेवतो.

मुखपृष्ठावर चार मुली एका टेबलाभोवती बसल्या होत्या. एक हिजाबवाली, एक कुरळ्या केसांची आफ्रिकन, एक सोनेरी केसांची आणि एक आपल्याकडची. मध्ये सॅलडचा मोठा वाडगा आणि चौघी त्या सॅलडकडे बघून खदखदून हसत होत्या. मी शाळेत ग्रंथपाल आहे. मुखपृष्ठावरून पुस्तकाची परीक्षा करू नये, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले आहे. स्वतः मात्र करते, आणि सहसा चुकत नाही.

प्रश्न साधा होता. विद्यापीठ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्याही पुढे. आमच्या घरून सकाळी निघायचं तर शारजाची हद्द ओलांडण्यातच तास जाणार, आणि विद्यापीठाची बस पावणेसहाला आमच्या सिग्नलवर. म्हणजे मुलीनं रोज चार तास रस्त्यावर काढायचे, नाही तर वसतिगृहात राहायचं. मी रस्त्याच्या बाजूनं होते. रस्ता वाईट असला तरी संध्याकाळी घरी आणून सोडतो.

"आय वाँट टू लिव्ह देअर," मुलगी म्हणाली. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. इथं वाढलेली सगळीच मुलं देतात.

"का?"

"फ्रेंड्स, आई."

या उत्तरात संशय घेण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तिची पहिली जिवलग मैत्रीण दुसरीत असताना टोरांटोला गेली, दुसरी पाचवीत असताना कोचीला, तिसरी गेल्या वर्षी परीक्षा संपल्या त्याच आठवड्यात मेलबर्नला. इथल्या मुलांचा जून असाच जातो. कुणाच्या ना कुणाच्या दारात खोके बांधलेले असतात. प्रत्येक वेळी माझी मुलगी चार दिवस जेवली नाही, आणि पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "इट्स फाइन." मेलबर्नच्या वेळी तेवढंही म्हणाली नाही. तेव्हा मैत्रिणी हव्यात हे मला पटण्यासारखं होतं. पण पुढच्याच वाक्यात तिनं एकटीची खोली मागितली, आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. एकटीची खोली मागणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला एकटं राहायचं नसतं, असं माझं आजवरचं वाचन सांगत होतं.

आम्ही तिघं वसतिगृह बघायला गेलो. स्वागताला सुटातले एक गृहस्थ होते. छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं पद 'रेसिडेंट एक्स्पीरियन्स मॅनेजर' असं लिहिलं होतं. माझ्या वेळी पुण्यात याला रेक्टर म्हणत आणि त्या चिडलेल्या असत. हे मात्र अखंड प्रसन्न होते. पहिल्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात एक मुलगी काकडी चिरत होती. आम्हाला बघून ती गोड हसली. दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेत एक मुलगी वाचत होती. तीही गोड हसली. कानांत तेच हिरवे डूल. व्यायामशाळेत ती ट्रेडमिलवर होती. तिसऱ्यांदा आमची नजरानजर झाली, तेव्हा एखाद्या नटानं पहिल्या रांगेतल्या ओळखीच्या माणसाला ओळख द्यावी तसं तिनं डोळ्यांनीच काही तरी कबूल केलं.

"किती बिझी असतात मुली!" नवरा म्हणाला.

"एकच मुलगी आहे," मी म्हटलं.

"तुला ना, सगळीकडे काही तरी दिसतं."

तो आणि मुलगी मॅनेजरसाहेबांबरोबर गच्चीवरचा पोहण्याचा तलाव बघायला गेले. मी परत स्वयंपाकघरात आले. काकडी अर्धी चिरून तशीच पडलेली. मी विजेच्या शेगडीच्या काळ्या काचेवरून बोट फिरवलं आणि बोट किंचित अडकलं. शेगडीवर अजून कारखान्यातलं पारदर्शक प्लास्टिक होतं. एक कोपरा सुटून वळला होता, बाकी चिकटलेलं. ही इमारत चार वर्षं जुनी आहे, असं मॅनेजरसाहेबांनीच अभिमानानं सांगितलं होतं. चार वर्षांत या शेगडीवर कुणी चहासुद्धा केला नव्हता.

"परत झालं ह्याचं सुरू," वरून आवाज आला. अस्सल मराठी.

मी दचकून वर पाहिलं. दाराजवळ शिडीवर निळ्या गणवेशातले एक पन्नाशीचे गृहस्थ छतातल्या धुराच्या अलार्मशी झटत होते.

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडता पडता राहिला. "म्याडम मराठी? अरे वा. काय नाय हो, टोस्ट जळला तरी बोंबलतो हा. गाव कुठलं?"

"पुणं. तुमचं?"

"खेडच्या पुढं, आत." आणि पुणं म्हटल्यावर माणसं जसं 'हां' म्हणतात तसं 'हां' म्हणून ते शिडीवरून उतरले.

इथं दोन प्रकारची मराठी माणसं राहतात, आणि काही बिघडल्याशिवाय ती एकमेकांना भेटत नाहीत. आमचा एसी, आमचा गिझर, आमच्या गाडीची बॅटरी बंद पडली की आम्हाला कोकण आणि घाटमाथा आठवतो. हे गृहस्थ या वसतिगृहाचे इलेक्ट्रिशियन होते, इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कंपनीच्या खोल्यांत राहत होते, आणि त्यांची मुलगी बारावीला चिपळूणच्या वसतिगृहात होती. हे सगळं त्यांनी शिडीची घडी घालेपर्यंत सांगून टाकलं. मीही आमचं सांगितलं.

"ताई, खरं सांगू काय?" ते दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले. मॅडमची ताई व्हायला दोन मिनिटं लागली होती. "बिल्डिंग एक नंबर. एसी, पाणी, काय प्रॉब्लेम नाय. पण एकटीची रूम घेऊ नका. दोघींची घ्या. इथं पोरी खाली येतात, स्कूटरवाल्याकडनं डबा घेतात, वर जातात. दार बंद. मग दुसऱ्या दिवशी डबा."

या सल्ल्याचा सरळ अर्थ घ्यायला हवा होता. मी तो माझ्या संशयाच्या कामाला लावला. परतीच्या वाटेवर गाडीत म्हटलं, "दोघींची खोली घेऊ या. चौकशी केली आहे मी."

"विथ अ स्ट्रेंजर?"

"तुला मैत्रिणीच हव्या होत्या ना?"

"आई, मला आजपर्यंत आतून कडी लागणारी खोली मिळालेली नाही." हे ती मराठीत म्हणाली, त्यावरून तिचा निश्चय किती पक्का आहे हे मला कळलं. आमच्या घरात तिची खोली म्हणजे पडद्यानं आडोसा केलेला हॉलचा तुकडा आहे.

नवऱ्यानं एकटीच्या खोलीवर सही केली. या देशात मुलगी बापाच्या व्हिसावर असते, त्यामुळे सही त्याचीच लागते, आणि मुलगी रात्री बाहेर राहणार असेल तर परवानगीचा मेसेजही त्याच्याच फोनवर येतो. बँकेपासून विजेच्या कंपनीपर्यंत कुणाचाही मेसेज आला की न वाचता 'होय' दाबणं, हा त्याचा कित्येक वर्षांचा सराव. त्या व्यवस्थेवर मी विसंबणं शक्यच नव्हतं.

आमच्या लोकांची एक पद्धत आहे. इस्पितळ असो, कचेरी असो, कॉलेज असो, आत पाऊल टाकण्यापूर्वी एकच चौकशी करायची: तिथं आपलं कुणी आहे का? ते माणूस काय काम करतं याला महत्त्व नाही. भाषा आपली असली की ते आपलं, आणि एकदा आपलं झालं की त्याच्याकडून माहिती घेणं हा हक्क. शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई म्हणून मी या पद्धतीला नेहमी हसत आले होते. मुलीचं सामान खोलीत लावून झाल्यावर मी खाली गेले आणि इलेक्ट्रिशियनना माझा नंबर दिला.

"भाऊ, जरा लक्ष असू द्या. कोण येतं, कुणाबरोबर बसते, एवढंच."

त्यांनी हातातला टेस्टर खिशाला अडकवला. मग म्हणाले, "ताई, वरचं मी काय सांगणार नाय. आम्ही मुलींच्या मजल्यावर जातो तेव्हा सिक्युरिटीवाली बाई बरोबर असते, आम्ही बल्ब बघतो, बाकी काय बघत नाय. खाली लॉबी, किचन, लाँड्री, जे सगळ्यांना दिसतं तेवढं सांगीन. मी पण पोरीच्या चिपळूणच्या हॉस्टेलात एकाला सांगून ठेवलंय, म्हणून तुम्हाला नाय म्हणवत नाय."

मला थोडी लाज वाटली. ती लिफ्टपर्यंत टिकली.

दुसऱ्याच आठवड्यात पहिली व्हॉइस नोट आली. मागे कसला तरी पंप चालू होता. "नमस्कार ताई. आज पोरगी लाँड्रीत होती. दुपारी. कपडे दोनच होते, पण दीड तास बसली. हातात पुस्तक होतं. बाकी ठीक."

दोन कपड्यांना दीड तास! मी ती नोट तीनदा ऐकली. मुलीला त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "ऑल गुड. बिझी." लाँड्रीचा उल्लेख नाही. नवऱ्याला म्हटलं, ती कुणाची तरी वाट बघते. तो म्हणाला, "कपडे वाळायची बघत असेल." मी भाऊंना लिहिलं: तिथं आणखी कोण होतं?

उत्तर आलं: "मशीन."

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाँड्री. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनदा. एकदा तर कपडे नव्हतेच, असं भाऊंनी संकोचून सांगितलं. माझी खात्री पटत चालली होती. भेटीसाठी याहून शहाणी जागा कोणती? गरम, आडबाजूची, आणि कुणी विचारलं तर हातात मोजे दाखवता येतात. मी त्या न दिसणाऱ्या मुलाचं वय, उंची आणि विषयसुद्धा ठरवून टाकला होता. इंजिनिअरिंग. तो जेवढा दिसत नव्हता, तेवढा माझ्या मते हुशार होता.

आणि मग एका बुधवारी संध्याकाळी वेगळाच अहवाल आला. पंपाचा आवाज नव्हता. भाऊ कुणी तरी लिहून दिलेलं वाचावं तसे सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत बोलत होते.

"आज किचनमध्ये मैत्रिणींबरोबर जेवली. चार जणी होत्या तिला धरून. एक इजिप्तची. एक केनियाची. एक रशियाची. मोठ्या वाडग्यात सॅलड केलं होतं. सगळ्या खूप हसत होत्या. आता पोरगी रुळली आहे. आईनं काळजी करू नये."

"बघ!" नवरा म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? कम्युनिटी!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीही सुखात होते. शाळेतून येताना त्याच सुखात मी भाजी घेतली, फ्रिज उघडला, बंद केला, आणि फ्रिजच्या दारावर नवऱ्यानं चुंबकानं लावलेलं माहितीपत्रक डोळ्यांसमोर आलं. हिजाबवाली. कुरळ्या केसांची. सोनेरी केसांची. आपल्याकडची. मध्ये सॅलड. सगळ्या खूप हसत होत्या.

शिवाय माझी मुलगी कोशिंबिरीतलीसुद्धा काकडी वेचून ताटाच्या कडेला लावते.

मी भाऊंना फोन लावला. "भाऊ, ते सॅलड खोटं आहे."

"ताई, मी सांगणारच होतो."

"कुणी सांगायला लावलं?"

"पोरीनंच. लाँड्रीत मशीन बघायला गेलो तर म्हणाली, अंकल, आईनं तुम्हाला ठेवलंय ना? मी म्हटलं नाय. तर म्हणाली, अंकल, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मग दोन दिवसांनी मोबाइलवर लिहून आणलं. हे वाचा म्हणाली, म्हणजे आई शांत होईल."

"तिनं लिहिलं? मराठीत?"

"अक्षरं इंग्रजी होती, पण मराठीच. चांगलं लिहिते की. मी दोनदा प्रॅक्टिस केली."

मी भाजीची पिशवी जमिनीवर ठेवली. जी मुलगी माझ्या दहा वाक्यांना एका 'ओके'त गुंडाळते, तिनं माझ्यासाठी एक परिच्छेद मराठीत लिहिला होता, आणि त्यात खरं वाक्य एकही नव्हतं.

"मग खरं काय आहे, भाऊ?"

"खरं म्हणजे ताई, लाँड्रीत बसते. एकटीच. मी विचारलं एकदा, बाळ, रूमवर का नाय बसत? तर म्हणाली, इथं मशीन चालू असतं, जरा आवाज असतो."

इंजिनिअरिंगचा तो मुलगा त्या क्षणी नाहीसा झाला. त्याची मला आठवण यावी असं त्याच्या जागी काही उरलं नाही. इतके आठवडे मी तिथं कोण आहे हे शोधत होते. कुणीच नव्हतं. हे शिडीची घडी घालता घालता मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

शुक्रवारी मी पडद्यामागच्या तिच्या पलंगावर नवी चादर घातली. नवरा दारात उभा होता. "परत आणायची?"

"हो."

"येईल?"

मी चादरीचे कोपरे खोचले. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पिशवीत कढई, पोहे, कांदे, मिरच्या, कढीपत्ता, मोहरीची डबी. मुलीला घरी आणायला जाताना कढई कशाला, असं नवऱ्यानं विचारलं नाही, हे त्याचं शहाणपण. त्याला पार्किंग शोधायला सोडून मी आत गेले, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, ओळखपत्र ठेवलं, आणि मुलीला 'खाली किचनमध्ये ये' असा मेसेज केला.

ती आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. तिनं आधी कढई पाहिली आणि मग मला.

"अंकलनी सांगितलं?"

मी पिशवीतून माहितीपत्रक काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं मुखपृष्ठ पाहिलं, आणि न हसण्याचा प्रयत्न करता करता हसली. "ओह गॉड. मला वाटलं तू हे फेकून दिलंस."

"रशियन मुलगी कुठून आणलीस?"

"फोटोत होती ना. ती मला रशियन वाटली."

"आणि सॅलड? तू?"

"ओके, सॅलड वॉज अ मिस्टेक." मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिचं हसू गेलं. "यू हायर्ड अ स्पाय, आई."

"हो."

"दॅट इज सो नॉट ओके."

"नाहीच. चुकलं माझं." हे मी तिला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच म्हटलं. पण थांबले नाही. "घरी चल. चार तास तर चार तास. मी डबा देईन, तू बसमध्ये झोप."

"मला माहीत होतं तू हेच म्हणणार. म्हणून तर ते लिहिलं." आता ती पूर्ण मराठीत बोलत होती, जरा अडखळत. "इथं कुणी दारच उघडत नाही. मी दोनदा वाजवलं, शेजारच्या मुलीचं. तिला वाटलं डिलिव्हरी आली. पण मला अजून बघायचं आहे. तू अकरा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहतेस. तुझ्या किती मैत्रिणी आहेत?"

लिफ्टमधले तिघं माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यातले दोन पुरुष आहेत.

मी कांदा चिरायला घेतला. पोहे भिजवले. मग शेगडीवरच्या प्लास्टिकचा सुटलेला कोपरा चिमटीत धरून ओढला. चार वर्षांचं चिकटलेलं ते एका लांब फाडल्यासारख्या आवाजात निघालं. मुलीनं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी चादर धरतात तसं ते धरलं आणि त्याचं काय करायचं ते न सुचून कचऱ्याच्या डब्यात कोंबलं.

तेल चांगलं तापू दिलं. मोहरी तडतडली. मिरच्या आणि कढीपत्ता पडला, पाठोपाठ कांदा आणि पोहे, आणि मायदेशात ज्याची दखल शेजारीसुद्धा घेत नाहीत, तो खमंग, खोकला आणणारा धूर वर गेला.

छतातला तो डबा बोंबलला. त्याला कॉरिडॉरमधल्यांनी साथ दिली, मग वरच्या मजल्यांनी. एक शांत पुरुषी आवाज आधी अरबीत आणि मग इंग्रजीत इमारत सोडायला सांगू लागला. जिने भरले. दोन मिनिटांत समोरच्या फरसबंद अंगणात, भर उन्हात, अख्खं वसतिगृह उभं होतं. माहितीपत्रकात न छापलेलं. कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या चेहऱ्यावर हिरवा लेप, एक मुलगी वाडग्यातलं दूध आणि सीरियल खात खातच बाहेर आलेली. हिरव्या डुलांवाली मळक्या नाइट ड्रेसमध्ये होती आणि अजिबात हसत नव्हती. एका उंच मुलीनं त्या उन्हात जाड हूडी घातली होती, आणि तिच्या पोटापाशी काही तरी हललं.

"इज दॅट अ कॅट?" माझी मुलगी म्हणाली.

"नो," हूडीवाली म्हणाली. हूडी म्याव म्हणाली.

सहा-सात जणी एकदम तिच्याभोवती दाटल्या, मॅनेजरसाहेबांना दिसू नये म्हणून. हे कुणी ठरवलं नव्हतं. माझी मुलगी त्या घोळक्यात पाठीमागून दुसरी होती.

मॅनेजरसाहेब सुटाशिवाय आले होते, तरी बिल्ला लावून. "हू वॉज कुकिंग?"

मी हात वर केला. त्याच वेळी घोळक्यातून मुलीचाही वर गेला.

"मॅम," ते मला म्हणाले, आणि त्यांची प्रसन्नता मी प्रथमच ओसरलेली पाहिली, "दिस इज अ नो-फ्राइंग कम्युनिटी."

"शेगडी कशासाठी आहे मग?" मी हिंदीत विचारलं. त्यांना हिंदी चांगली समजत असावी. त्यांनी बिल्ला सरळ केला.

भाऊ शिडी खांद्यावर घेऊन आत जाताना माझ्या जवळून गेले. ओळख दाखवली नाही. फक्त पावलं मंद करून म्हणाले, "ताई, तेल जरा जास्तच तापलं." आणि मग आणखी हळू, "आता मला विचारू नका हां. मी चिपळूणलापण नको सांगितलंय."

आत जायची परवानगी मिळाली तेव्हा पोहे खाली लागले होते. दोन मुली स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हूडीवाली आणि टॉवेलवाली. कसला वास होता तो, संपलं का, असं त्यांनी विचारलं. मुलीनं त्यांना न करपलेले वरवरचे पोहे कागदी डिशमध्ये दिले. त्यांनी ते खाल्ले. सौजन्य असू शकतं, असं मी मनात नोंदवून ठेवलं. मांजराबद्दल आम्ही गप्प बसण्याची ती किंमतही असू शकते.

मी घरी चल असं पुन्हा म्हटलं नाही. कढई तिथंच ठेवली. नवऱ्याला बाहेर पार्किंग अजून मिळालं नव्हतं. तो इमारतीला नववी फेरी घालत होता.

भाऊंच्या नोटा थांबल्या. मुलीचे फोन पहिल्यासारखेच: "ऑल गुड. बिझी." मी ते ऐकायची आणि पडद्यामागच्या त्या पलंगाकडे बघायची. चादर तशीच होती, सुरकुती नसलेली.

पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी, शाळेतून येऊन मी चहा ठेवत होते तेव्हा तिच्याकडून फोटो आला. सोबत एक शब्द नाही. फोटोत ती काळी काचेची शेगडी होती. तिच्यावर दूध उतू जाऊन जळून तपकिरी झालेलं मोठं वर्तुळ. बाजूला आमची कढई, आणि आमची नसलेली, कॉफी उकळायची एक पितळी इब्रिक. भिंतीवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, इंग्रजीत: हे कुणी केलं? खाली वेगवेगळ्या पेनांनी उत्तरं: मी नाही. मीही नाही. मांजर.

सवयीप्रमाणे मी फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला. अक्षरं खरंच वेगवेगळी होती. एकीचं तर डावखुरं. जळलेल्या दुधात कुणाच्या तरी बोटाची रेघ होती. असं चित्र मुखपृष्ठासाठी कुणी मांडून ठेवत नाही.

मी लिहिलं: दूध कुणी घालवलं?

दोन मिनिटांनी उत्तर आलं, मराठीत. "मी नाही."

माझा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. मी गॅस बारीक केला, पडदा सरकवून आत गेले, आणि पलंगावरची चादर काढून घडी करून कपाटात ठेवून दिली.